‘पारधी’ या शब्दाची छापील कहाणी

आमच्या वाचनालयातील लांब टेबलावर सकाळी वर्तमानपत्रे पसरलेली असतात. राजकारण आणि क्रिकेट वाचून झाले, की बहुतेकांची नजर आपसूक जिल्ह्याच्या पानाकडे वळते. बारामती, इंदापूर, दौंड, भिगवण अशी ओळखीची गावे तिथे भेटतात. त्या पानावरील चोरी-दरोड्याच्या बातम्या मी गेली दोन वर्षे एका निराळ्याच कारणासाठी वाचतो आहे. बातमीत कोणाची जात लिहिली जाते आणि कोणाची लिहिली जात नाही, एवढेच मी पाहतो.

पतसंस्थेत अपहार करणारा ‘अध्यक्ष’ असतो, ‘संचालक’ असतो, फार तर ‘व्यवस्थापक’ असतो. नदीतली वाळू पळवणारा ‘वाळूमाफिया’ असतो. मोटारसायकली चोरणारा ‘सराईत चोरटा’ असतो. या सर्वांना जात असतेच, परंतु ती बातमीत येत नाही. संशयित माणूस माळावरच्या पालात राहणारा असला, की मात्र मथळ्यातच ‘पारधी टोळी’ येऊन बसते. गंमत अशी, की आडनाव वाचून काहीच उलगडा होत नाही. काळे, पवार, भोसले, शिंदे, चव्हाण ही आडनावे पारध्यांत आहेत, तशीच मराठ्यांत आणि इतर अनेक समाजांतही आहेत. आडनावावरून कळत नाही, म्हणून की काय, बातमीदार जात जोडून देतो.

आपल्यापैकी कितीजणांचा पारधी समाजातील एखाद्या माणसाशी प्रत्यक्ष परिचय आहे? माझ्या वर्गात हा प्रश्न मी सहज विचारून पाहिला. ‘पारधी कसे असतात’ याविषयी ठाम मत नाही असा एकही निघाला नाही; घरी येणेजाणे असलेला मात्र कोणीच निघाला नाही. म्हणजे हे मत आपल्याला भेटीतून आलेले नाही. ते कोठून आले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

‘पारध’ म्हणजे शिकार आणि पारध करतो तो पारधी. शब्द इतका साधा आहे. आपल्याला तो प्रथम भेटतो तो गोष्टीत. कबुतरांचा राजा चित्रग्रीव, दाणे टाकून पसरलेले जाळे आणि झाडाआड दबून बसलेला दुष्ट पारधी! मूळ गोष्ट एकीने संकट टळते हे सांगण्यासाठी रचलेली आहे, पण लहान मुलाच्या मनात राजाबरोबर तो पारधीही घर करतो. मी इंदापूर तालुक्यातल्या ज्या प्राथमिक शाळेत होतो, तिथे गुरुजींनी ही गोष्ट फार रंगवून सांगितली. ‘दुष्ट पारधी’ हे शब्द आले आणि सगळा वर्ग मागे वळून शेवटच्या रांगेतल्या एका मुलाकडे पाहू लागला. मीही वळलो. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हते, हे आज कळते. तो मुलगा मान खाली घालून पुस्तकाच्या कडेवर पेन्सिलीने रेघा ओढीत बसला. (आपल्या परंपरेत दुसरा व्याधही आहे. महाशिवरात्रीच्या कथेतला व्याध हरिणीच्या सत्यवचनाने विरघळतो आणि धनुष्य खाली ठेवतो. शिवलीलामृत घरोघर वाचले जाते. पण शाळेच्या बाकावर तो व्याध आम्हाला कोणी भेटवला नाही.)

गोष्टीतला पारधी दुष्ट असला, तरी तो फक्त पक्षी पकडतो. माणसांचा शत्रू, जन्मजात चोर हे त्याचे रूप पुढचे आहे आणि त्याची जन्मतारीख बऱ्याच अंशी सांगता येते. कर्नल स्लीमनने १८३० च्या सुमारास ठगांविरुद्ध मोहीम उघडली. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. आपल्या शेजारच्या नळदुर्गलाही तो पुढे अंमलदार होता. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडात अतोनात खपली. खून करणे हा ज्यांचा पिढीजात धर्म अशी माणसांची एक जातच हिंदुस्थानात आहे, हे चित्र त्या काळच्या इंग्रजी वाचकाच्या मनात अशा पुस्तकांनी पक्के केले. ‘ठग’ हा शब्द तर इंग्रजीत कायमचा मुक्कामाला गेला. आधी पुस्तके आली आणि कायदा मागून आला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तो कायदा म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. म्हणजे गुन्हा हे कृत्य न राहता वंश ठरला. नोंदलेल्या जमातीतील माणसाने पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय १८९७ च्या दुरुस्तीने झाली. प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सर्व ब्रिटिश मुलखाला, म्हणजे मुंबई इलाख्यालाही लागू करण्यात आला. त्याआधीच १९०८ मध्ये केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरचे पुस्तक निघाले होते. एकेका जमातीचा पेहराव, बोली, चालीरीती आणि गुन्ह्याची पद्धत त्यात एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकासारखी वर्णन केलेली आहे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ असेच म्हणतात.

त्याच सुमारास माणसांची नाके मोजली जात होती. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांचा सिद्धान्त असा, की हिंदुस्थानात नाक जितके रुंद तितका माणसाचा सामाजिक दर्जा खालचा. म्हणजेच जात हा वंशाचा प्रश्न आहे. मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हीच मोजमापे तपासली आणि उत्तर हिंदुस्थान सोडला तर इतरत्र हा सिद्धान्त टिकत नाही, असे दाखवले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावर लिहिताना ही आकडेवारी हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा निष्कर्ष काढून रिस्ले यांच्याच फूटपट्टीने त्यांचा सिद्धान्त खोडला. विद्वानांच्या दालनात वंशाचा निकाल असा लागला. गल्लीत तो लागायचा आहे. ‘पारध्यासारखा दिसतो’ हे वाक्य आपल्याकडे काळ्या रंगाच्या, विस्कटलेल्या केसांच्या मुलाला आजही ऐकवले जाते. ऐकवणारी बहुधा त्याची स्वतःची आई किंवा आजीच असते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. या समाजांना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो व्यक्तीला लागू होता. नजर मात्र त्याच पालांवर राहिली. दुसरीकडे पोटाचे साधन सुटत चालले होते. बारामती आणि इंदापूर हे नीरा आणि भीमा यांच्या मधले तालुके. नीरेच्या डाव्या कालव्याने माळरानाचा ऊस झाला. उरलेल्या माळावर, सुप्याला किंवा कडबनवाडीला चिंकारा अजून दिसतो. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार हाच गुन्हा ठरला. कायदा योग्यच आहे. मात्र फास लावून तित्तर पकडणे एवढीच विद्या ज्याच्या बापाने शिकवली, त्या फासेपारध्याचा धंदाही गेला आणि ‘गुन्हेगार’ हा शब्द दुसऱ्या वाटेने परत आला, हेही तितकेच खरे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कायदा जाऊन सत्तर वर्षे उलटल्यावरही चित्र का पुसले जात नाही? यावर मानसशास्त्रातला एक प्रयोग मला फार उद्बोधक वाटला. अमेरिकेत डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना ३९ वाक्ये वाचायला दिली. २६ वाक्ये ‘अ’ गटातील माणसांविषयी होती. त्यांपैकी १८ चांगल्या वर्तनाची आणि ८ वाईट. १३ वाक्ये ‘ब’ गटाविषयी. त्यांत ९ चांगली, ४ वाईट. म्हणजे चांगल्या-वाइटाचे प्रमाण दोन्हीकडे अगदी सारखे. गटांना नाव नाही, जात नाही, रंग नाही, नुसती अक्षरे. तरीही वाचणाऱ्यांनी ‘ब’ गटाच्या माथी प्रत्यक्षात होती त्याहून अधिक वाईट वाक्ये मारली आणि त्या गटाविषयी त्यांचे मतही खालचे झाले. कारण असे दिले जाते, की लहान गट क्वचित भेटतो आणि वाईट कृत्यही क्वचित घडते. दोन दुर्मिळ गोष्टी एकत्र आल्या की त्या मनात टोचून बसतात. मोठ्या गटाची वाईट कृत्ये गर्दीत विरून जातात.

हा प्रयोग आपल्या गावाला लावून पाहा. गावात शंभर-दीडशे घरे एका जातीची आणि शिवेवर चार पाले पारध्यांची. मोठ्या जातीत चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरून डोकी फोडणे हे सारे होते. परंतु त्याच जातीतले शिक्षक, वारकरी, डॉक्टर आपण रोज पाहतो, म्हणून चोर हा ‘एक माणूस’ राहतो. पालातल्या माणसांचे रोजचे जगणे आपल्याला दिसतच नाही. तिथली बाई पहाटे उठून लेकराला भाकरी देते, याची बातमी होत नाही. बातमी होते ती एकाच प्रकारची. प्रयोगातील वाचकांपुढे निदान नऊ चांगली वाक्ये होती. आपल्यापुढे तेवढीही नसतात.

याचा परिणाम नुसत्या मतापुरता राहत नाही. जून १९९८ मध्ये आपल्याच बारामतीत एका पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. मारहाणीनेच तो झाला, असा आरोप होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलियात बुधन सबर हा विमुक्त जमातीतला तरुण कोठडीतच मरण पावला होता. या दोन घटनांनी लेखिका महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासारखी मंडळी विमुक्तांच्या हक्कांसाठी एकत्र आली. अहमदाबादच्या छारानगरातील छारा तरुणांनी बुधनच्या नावाने नाट्यसंस्था काढली आणि बारामतीच्या घटनेवरही नाटक केले. बारामतीत शिकणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? मला स्वतःला हा लेख लिहायला घेईपर्यंत ठाऊक नव्हते.

दुसरे उदाहरण न्यायालयातले आहे. महाराष्ट्रात २००३ मध्ये घडलेल्या एका भीषण दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम ठरवली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष असल्याचे सांगून त्यांना सोडले व राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली. अटकेची बातमी एकदा वाचली, की ती मनात राहते. सुटकेच्या बातमीची कात्रणे कोणी जपून ठेवल्याचे ऐकिवात नाही.

येथे एक आक्षेप येईल. भित्तिपत्रक समितीत तो आला आणि आक्षेप घेणारा माझा मित्र काही दुष्ट नाही. तो म्हणाला, “चोरी खरोखरच त्या टोळीनं केली असेल, तर खरं छापायचं नाही का?” छापावे, जरूर छापावे. नाव, गाव, वय, कलम सर्व छापावे. पण पतसंस्थेच्या अध्यक्षाची जात छापल्याविना ती बातमी खरी राहते ना? मग येथेच जातीवाचून खरेपणा का अडतो? भारतीय पत्रपरिषदेच्या आचारनियमांतही हेच सांगितले आहे, की विशेषतः ज्या संदर्भात जातीला कमीपणा येतो तिथे माणसाची जात सांगणे टाळावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमधील जातिभेद घटनाबाह्य ठरवला, त्यातही विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणारी कलमे होती. पुस्तिकेतून कलम काढता येते. मित्राचे अजून पूर्ण समाधान झालेले नाही आणि आमचा वाद चालू आहे.

आतापर्यंत मी वाचणाऱ्याविषयी लिहिले. ज्याच्याविषयी छापले जाते, तोही वाचतो, हे आपण विसरतो.

शेवटच्या रांगेतला तो मुलगा मला बारावीनंतर पुन्हा भेटला. पुण्याला वसतिगृहात राहून तो शिकतो. त्याचे नाव देत नाही. इंदापूरच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत आम्ही दोन तास बसलो होतो. मी कबुतरांच्या गोष्टीची आठवण काढली, तर तो हसला. म्हणाला, “तवा तरी सगळ्यांना ठावं होतं मी कोण ते. आता कुणालाच ठावं नाय, ती लई अवघड गोष्ट.” वसतिगृहात त्याच्या आडनावावरून सगळ्यांनी त्याला मराठा समजले आणि त्याने ते तसेच राहू दिले. एके रात्री खोलीत कोणीतरी मोबाईलवर गुन्ह्याची बातमी मोठ्याने वाचली आणि पारध्यांवर विनोद सुरू झाले. “म्या पन हसलो,” तो म्हणाला. “सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. रातभर झोप नाय आली.” आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. दरोड्याची बातमी दिसली, की तो आधी घाईघाईने जात शोधतो. आपल्यातला नसला तर त्याला हायसे वाटते. आणि मग कुणाचे तरी घर लुटले गेले आणि आपल्याला हायसे वाटले, याची त्याला लाज वाटते.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे दोन बाहुल्या ठेवल्या होत्या, एक गोरी आणि एक सावळी. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी उचलली. मग विचारले, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद रद्द करताना या अभ्यासाचा उल्लेख केला. माझ्या मित्राचे ते हसणे त्या रडण्याहून फार वेगळे नव्हते, असे मला वाटते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात हेच दिसते. डुकरे पकडणाऱ्या कैकाडी घरातला काळासावळा जब्या, गोऱ्या शालूच्या मनात भरावे म्हणून काळ्या चिमणीच्या मागे फिरतो आणि नाक सरळ व्हावे म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावतो. चित्रपटगृहात त्या प्रसंगी लोक हसतात. मला रिस्ले यांची मोजपट्टी आठवली. सरकारी कागदावरची ती मोजपट्टी शंभर वर्षांनी एका पोराच्या हातातला चिमटा झाली होती. मंजुळे उजनीच्या पाण्यापलीकडच्या जेऊरचे. नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ १९८० मध्ये लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या दोन तालुक्यांच्या अल्याड-पल्याड ही माणसे उभी आहेत आणि स्वतःविषयी स्वतःच्या शब्दांत सांगत आहेत. पण ‘फँड्री’ पाहणारा, ‘उपरा’ वाचणारा किती आणि जिल्ह्याचे पान वाचणारा किती, याचाही विचार करावा लागतो.

लेख लिहून झाल्यावर मी मित्राला फोनवर वाचून दाखवला. त्याने मध्ये कुठे अडवले नाही. शेवटी विचारले, “ह्यो अंक कुनाकुनाच्या हातात जानार?”

मी म्हणालो, “सगळ्यांच्या. पोरांच्या, सरांच्या. घरोघरी जातो.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मी काय शिकतो आन् कुठल्या कॉलेजात, तेवढं काढ मग.”

ते मी काढले आहे.